न हसणारा विनोदवीर आणि माझं ऑफर लेटर

ज्यांना ऐकायला वेळ नसतो पण लोकलमध्ये वाचायला असतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच आहे, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

गोष्ट सुरू होते बंद पडलेल्या इअरफोनपासून. ऑफिसच्या बसमध्ये रोज दीड तास जातो. इअरफोन गेला आणि आवाज मोठा ठेवून व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी मी नाही. म्हटलं, मूकपट बघू. पहिलाच लागला बस्टर कीटनचा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या मेलमध्ये एक ऑफर लेटर येऊन पडलं होतं. त्याच्याकडे नंतर येतो.

तर बस्टर कीटन. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पिक्वा नावाच्या छोट्याशा गावात. आईवडील गावोगाव फिरून खेळ करणारे कलाकार, आणि खेळ पिक्वात असताना हा जन्मला, एवढाच त्या गावाशी संबंध. आपल्याकडे फिरत्या तमाशाच्या फडात जन्मलेली मुलं असतात ना, तसंच. वडील जो उड्या मारायचे, विनोद करायचे. आई मायरा सॅक्सोफोन वाजवायची. पोरगं चालायला लागलं आणि थोड्याच वर्षांत स्टेजवर आलं. खेळाचं नाव झालं ‘द थ्री कीटन्स’.

खेळ काय? तर आगाऊ पोराला बाप उचलून फेकतो. पडद्यावर, विंगेत, कधी खाली वाजवणाऱ्यांच्या अंगावर. उचलायला सोपं पडावं म्हणून त्याच्या कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली असायची. खरंच! बालकामगारांसाठी काम करणाऱ्या संस्था मागे लागल्या, तपासण्या झाल्या. आज बघताना हसू येत नाही, पोटात गोळा येतो.

पण तिथे तो दोन गोष्टी शिकला. एक, पडायचं कसं. दोन, पडल्यावर आपण हसलो की लोक कमी हसतात आणि चेहरा दगडासारखा ठेवला की जास्त हसतात. त्याचा तो प्रसिद्ध निर्विकार चेहरा लहानपणीच्या रोजच्या प्रयोगांतून आलाय. आमच्या भाषेत, प्रॉडक्शनवर केलेलं टेस्टिंग.

वडिलांची दारू वाढली आणि १९१७ मध्ये खेळ मोडला. कीटन एकविशीत. न्यूयॉर्कमध्ये त्याला स्टेजवर आठवड्याला २५० डॉलरचं काम मिळालं होतं. तेवढ्यात रॉस्को आरबकल या विनोदी नटानं त्याला सिनेमाच्या स्टुडिओत बोलावलं. कीटननं तिथे पहिलं काय केलं असेल? कॅमेरा आतून कसा चालतो ते समजून घेतलं, अगदी उघडून. आणि ४० डॉलरवर तिथेच राहिला. २५० सोडून ४०! का? तर हे यंत्र त्याला आवडलं.

मंडळी, इथे मी बसमध्ये सरळ होऊन बसलो. हा माणूस नट नंतर, आधी इंजिनिअर.

१९२० पासून त्याला स्वतःचं युनिट मिळालं. ‘वन वीक’ मध्ये नवरा-बायको सुटे भाग जोडून घर बांधतात, पण खोक्यांवरचे नंबर कुणीतरी बदललेले असतात. ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) मध्ये सिनेमा दाखवणारा पोरगा झोपेत पडद्यात शिरतो आणि मागचं दृश्य बदलत राहतं. कंप्यूटर नाही, काही नाही. कॅमेऱ्यापासूनचं अंतर दर वेळी काटेकोर मोजून केलेलं काम. याच सिनेमात पाण्याच्या टाकीच्या धारेखाली रुळावर पडून त्याच्या मानेचं हाड मोडलं. ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रेमध्ये!

‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ (१९२८) मधला तो सीन तुम्ही नक्की पाहिला असेल, निदान त्याची नक्कल. वादळात घराची अख्खी पुढची भिंत कीटनच्या अंगावर पडते आणि तो वरच्या उघड्या खिडकीतून वाचतो. भिंत खरी, जवळजवळ दोन टन. दोन्ही बाजूंना जागा काही इंचांची. खुणेच्या जागेवरून थोडा जरी हलला असता तर संपला असता. जॅकी चॅननं पुढे हाच सीन आपल्या सिनेमात करून त्याला सलाम केला.

मग घसरण कुठे सुरू झाली? १९२६ च्या ‘द जनरल’ पासून. अमेरिकन यादवी युद्धातली रेल्वेची गोष्ट. त्यात खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलंय. त्या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर! सिनेमा आपटला. आज तो जगातल्या उत्तम सिनेमांत धरतात, १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीच्या पहिल्याच यादीत तो आला. पण १९२७ मध्ये हे कुणाला सांगणार?

आणि मुख्य मुद्दा, कंपनी कीटनची नव्हतीच. नाव त्याचं, ताबा निर्माता जोसेफ शेंकचा, म्हणजे त्याच्या मेहुणीच्या नवऱ्याचा. शेंकनं सांगितलं, एमजीएममध्ये जा. चॅप्लिननं जाऊ नको म्हटलं होतं, असं कीटननंच पुढे सांगितलं. पण १९२८ मध्ये सही झाली. पगार आठवड्याला ३,००० डॉलर.

एमजीएम म्हणजे शिस्तीचा कारखाना. आधी लिहिलेली स्क्रिप्ट, वरून मंजुरी, ठरलेलं शेड्यूल. कीटनची पद्धत उलटी. सुरुवात आणि शेवट ठरवायचा, मधलं आपल्या टोळीबरोबर करता करता शोधायचं. ती टोळी हळूहळू पांगली. धोक्याचे स्टंट स्वतः करायला बंदी. पहिला ‘द कॅमेरामन’ छान झाला, नंतर मात्र बोलपटात त्याला बावळट माणसाच्या भूमिका दिल्या.

गंमत ऐका, ते सिनेमे चालले! पैसे आले. म्हणजे डॅशबोर्डवर सगळं हिरवं आणि आत माणूस संपत चाललेला. दारू वाढली, संसार मोडला, १९३३ मध्ये नोकरी गेली. सगळा दोष कंपनीचा, असं मी म्हणणार नाही. बापाची दारू पोराच्या वाट्याला आलीच होती. पण एमजीएमची सही ही आयुष्यातली सर्वात मोठी चूक, हे त्यानं स्वतः म्हणून ठेवलंय.

काही वर्षांनी तो त्याच एमजीएममध्ये परत आला. आठवड्याला १०० डॉलरवर, इतरांसाठी विनोद सुचवायला. कडवट झाला नाही, काम करत राहिला. १९४९ च्या एका सिनेमात व्हायोलिन विनोदी पद्धतीनं कसं मोडायचं हे शोधायला त्याला बोलावलं. ते दुसऱ्या कुणाला जमेचना, म्हणून भूमिकाच त्याला दिली. १९४० मध्ये एलेनॉर नॉरिसशी लग्न झालं, ते शेवटपर्यंत टिकलं. जुने सिनेमे पुन्हा सापडले, लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतलं. १९६० मध्ये मानाचं ऑस्कर मिळालं. १ फेब्रुवारी १९६६ ला तो गेला.

आता माझं ऑफर लेटर. आम्ही पाच जण दुकानदारांच्या हिशेबाचं छोटं ॲप बनवतो. ऑफर मोठ्या कंपनीची, पगार दुप्पट. बाबा म्हणाले, “विचार कसला करतोस? घे!” त्यांचं चूक नाही, घराचे हप्ते त्यांनी फेडलेत.

मी कंपनीला फोनवर दोनच प्रश्न विचारले. काय बनवायचं हे कोण ठरवणार? आणि माझ्या टीममध्ये कोण असणार? उत्तर आलं, “ते जॉइन झाल्यावर कळेल.”

मी नाही म्हटलं. बाबा अजून नीट बोलत नाहीत. बरोबर केलं की चूक, दोन वर्षांनी कळेल. आणि हो, मी कीटन नाही, माझ्यावर कुणी भिंत पाडणार नाहीये. पण पैसे येत असताना आपण संपत चाललोय, हे पगाराच्या स्लिपवर छापून येत नाही. ते आपलं आपल्यालाच तपासावं लागतं.

आज रात्री ‘वन वीक’ बघा. अर्ध्या तासाच्या आत संपतो, आणि इअरफोन लागत नाही. बघून झालं की मला कळवा. आणि अशी ऑफर तुम्ही घेतली असेल, तर तेही सांगा, कसं चाललंय ते. मला खरंच ऐकायचंय.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!