ठेवलेलं नाव



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘आयटीवर बोलू नकोस’ असंही बजावलंय. म्हणून एका पुस्तकाबद्दल बोलते. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ची कादंबरी. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर वाचली, त्यानंतर किती वेळा ते मोजलेलं नाही.

जादूची शाळा म्हटलं की आपल्या मुलांना हॅरी पॉटर आठवतो. ही शाळा त्याच्या २९ वर्षं आधीची. सगळा मुलुख समुद्राचा आणि बेटांचा. त्यातल्या गोंट या डोंगराळ बेटावरचा गेड हा आईविना वाढलेला पोरगा. शेळ्या राखणारा, मावशीकडून पहिला मंत्र शिकलेला. या जगात प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते, म्हणून माणसं रोजच्या वापराला वेगळंच नाव घेतात. आमच्या धंद्यातही अर्धं डोकं व्हेरिएबलला नीट नाव देण्यात जातं, त्यामुळे मला हे लगेच पटलं!

गेड हुशार आहे आणि तितकाच गर्विष्ठ. शाळेतल्या एका मोठ्या मुलाला खाली पाहायला लावायचं म्हणून तो एका रात्री नको तो मंत्र म्हणतो. त्यातून एक काळी सावली बाहेर पडते, त्याचा चेहरा फाडते आणि पुढे जन्मभर पाठीशी लागेल असं वाटतं. तिला घालवताना शाळेच्या वृद्ध प्रमुखांचा जीव जातो. लढाया, सिंहासनं हवी असतील तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही. एक ड्रॅगन मात्र झकास आहे.

मला सगळ्यात प्रिय प्रसंग याच्या नंतरचा. गेड कित्येक महिन्यांनी अंथरुणातून उठतो. बरोबरीचे पुढे गेलेत, त्याला धड बोलता येत नाही. त्याचा मित्र वेच शिक्षण संपवून घरी निघालाय. निघताना तो गेडला आपलं खरं नाव सांगून टाकतो. बस, एवढंच.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. कारण आठवीत मी आपल्या वर्गातल्या एका मुलीला नाव ठेवलं होतं. तिच्या रंगावरून. ते इथे उच्चारत नाही, तुम्हाला आठवत असेलच. हजेरी सोडली तर दहावीपर्यंत तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. ते कुणी सुरू केलं हे बहुतेकांना ठाऊक नसेल. मी केलं होतं, ती गणितात माझ्यापुढे होती म्हणून.

गेड तांबूस-सावळा आहे आणि वेच चांगला काळा. लेखिकेने ते मुद्दाम तसं केलं होतं. २००४ साली टीव्ही मालिकेत गेड गोरा केला, तेव्हा तिने त्याबद्दल जाहीर नाराजी लिहिली.

आपली मैत्रीण आज आलेली नाही. पुस्तकाच्या दोन प्रती आणल्यात. एक शाळेच्या ग्रंथालयाला. दुसरीच्या पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहिलंय, सोबत एक पत्र आहे. तिचा पत्ता ज्याच्याकडे असेल त्याने जेवणाच्या वेळी मला गाठा.