निबंधाला वाचक हवा

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं इंग्रजी निबंधाची एक वही असेल. ती उघडली म्हणजे बहुधा एकच देखावा दिसतो: वर ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा मथळा आणि खालीं ओळीओळींतून तांबड्या शाईच्या खुणा. मुलानें निबंध लिहिला, मास्तरांनीं तपासला, गुण पडले, वही मिटली. त्या पावसांत मूल खरोखर भिजलें होतें कीं नाहीं, याची चौकशी कोणी केली नाहीं. तपासणें निराळें आणि वाचणें निराळें. आणि ज्याला वाचक नाहीं तें लेखन वाढत नाहीं.

हा भेद ओळखून त्यावर उपाय योजणारा एक शिक्षक फ्रान्स देशांत होऊन गेला. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) पहिल्या महायुद्धांत छातीस जखम होऊन परतला आणि १९२० सालीं दक्षिणेकडील बार-सुर-लू या डोंगराळ गांवच्या शाळेंत रुजू झाला. फार वेळ मोठ्यानें बोलणें त्याला सोसत नसे. १९२४ च्या सुमारास त्यानें वर्गांत एक लहानसें छापयंत्र आणून ठेवलें. मुलें आपल्या मनचा मजकूर लिहीत व वर्गांत वाचून दाखवीत. सर्वांच्या पसंतीनें त्यांतील एक निवडला जाई. मग सर्वांनीं मिळून तो फळ्यावर नीट करावयाचा आणि मुलांनींच खिळे जुळवून छापावयाचा. चुकलेलें अक्षर प्रत्येक प्रतींत चुकलेलेंच उमटणार, हें दिसत असल्यामुळें शुद्धलेखनाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नसे.

१९२६ मध्यें ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगंक येथें रने दान्येल या शिक्षकाच्या शाळेशीं या पानांची देवघेव होऊं लागली. डोंगरांतील मुलांचें रोजचें जीवन समुद्रकांठच्या मुलांना नवें होतें, आणि त्यांचें यांना. मार्ग मात्र निर्वेध नव्हता. पुढें सें-पॉल या गांवीं १९३२-३३ मध्यें फ्रेनेविरुद्ध वादळ उठलें; मुलांच्या मोकळ्या लिखाणावरही रोष झाला. अखेर सरकारी शाळा सोडून त्यानें १९३५ सालीं व्हान्स येथें स्वतःची शाळा काढली. मुलाला मनांतलें लिहूं देणें ही वाटते तितकी साधी गोष्ट नाहीं.

फ्रेनेचीं मुलें मातृभाषेंत लिहीत होतीं. इंग्रजीच्या वर्गांत अडचण दुहेरी असते. महाराष्ट्रांत सन २००० पासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. तरी त्या भाषेंत कोणाला कांहीं सांगण्याची गरज मुलांना क्वचितच पडते. सोलापूरच्या मुलानें पुण्याच्या मुलास इंग्रजींत पत्र लिहिणें हें नाटकच होय. पण तेंच पत्र केरळांतील एखाद्या शाळेकडे जावयाचें असेल, तर इंग्रजीचाच आधार घ्यावा लागेल. हुरडा म्हणजे काय, हें तेथील मुलास नुसत्या नांवावरून कळणार नाहीं. ज्वारीचें कोंवळें कणीस, गोवऱ्यांचा आर, भाजून हातावर चोळलेले गरम दाणे, सोबत चटणी, हें सारें क्रमानें सांगावें लागतें. पाठ केलेलीं वाक्यें येथें उपयोगीं पडत नाहींत. पलीकडून ‘दाणे चोळतात ते कशासाठीं?’ असा प्रश्न आला, कीं कोणतें वाक्य अपुरें राहिलें तें तांबड्या शाईपेक्षां लवकर उमगतें.

अशा पत्रांतून अशुद्ध इंग्रजी बाहेर जाईल, असा आक्षेप कोणी घेतील. त्यासाठींच फळा आहे. पहिल्या खर्ड्यास हात लावूं नये. मग एका खेपेस क्रियापदांचे काळ, दुसऱ्या खेपेस उपपदें, अशी एकेक गोष्ट सुधारावी. वर्गांत साठ मुलें असलीं, तर चौघाचौघांनीं एकमेकांचें वाचावें आणि शिक्षकानें एकच मजकूर सर्वांसमोर घ्यावा.

आज यंत्राकडून निबंध क्षणार्धांत लिहून मिळतो. केवळ गुणांसाठीं लिहिणाऱ्या मुलास तो मोह आवरणें कठीण आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या शेतांतील हुरड्याविषयीं दूरच्या मित्रानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याजवळच असतें, आणि तें देण्याची त्याला हौस असते.

तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं वही हातीं घेतली, तर आधीं गुण पाहूं नयेत. मजकूर वाचावा आणि मुलाला त्याविषयीं एक प्रश्न विचारावा. तो प्रश्न ऐकून मूल पुन्हां लेखणी उचलील.