हिरव्या दगडाची पारख



अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं कधीं कधीं हिरवट, गुळगुळीत खडे सांपडतात. माझे विद्यार्थी ते घेऊन येत आणि "गुरुजी, हें जेड काय?" असें विचारीत. रंगूनहून आलेली म्हणून सांगितली जाणारी हिरवी बांगडीही एखाद्या घरच्या पेटींत असते. पारख न केल्यामुळें कोणी ती मातीमोलानें विकतो, तर कोणी कांचेला रत्नाचें मोल देतो. ही पारख कशी करावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम किनाऱ्यावरील खड्यांविषयीं. रायगडचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक तयार होतात. जेडाइटास मात्र प्रचंड दाब आणि त्या मानानें कमी उष्णता लागते. समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखालीं जातो, तेथें ही जुळणी होते. म्हणून त्याच्या प्रसिद्ध खाणी ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, काचिन प्रांतांत आहेत, कोंकणांत नाहींत.

'जेड' हें एकच नांव दोन दगडांस आहे. १८६३ सालीं दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें पृथक्करण करून ब्रह्मदेशचें जेड निराळें असल्याचें दाखविलें. जेडाइट हें सोडियम व ॲल्युमिनियम यांचें सिलिकेट. नेफ्राइटांत कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह असतें. मोगल कारागिरांच्या जेडच्या वस्तु बहुतेक नेफ्राइटच्या आहेत. पाचू तर या दोहोंहून वेगळें रत्न होय.

घरीं करण्याजोगी परीक्षा वजनाची. सोन्याची मढवणूक नसलेली बांगडी सोनाराच्या कांट्यावर तोलावी. मग दोऱ्यानें पाण्यांत पूर्ण बुडवून, भांड्यास न टेकवितां पुनः तोलावी. समजा, हवेंत ती ५० ग्रॅम भरली. जेडाइट असेल तर पाण्यांत १५ ग्रॅम घट दिसेल; नेफ्राइट असेल तर सुमारें १७; आणि 'इंडियन जेड' म्हणून विकली जाणारी हिरवी गारगोटी असेल तर सुमारें १९. ५० ला १५ नें भागल्यास ३.३३ येतात, हेंच जेडाइटाचें विशिष्ट गुरुत्व. मात्र गार्नेटच्या जातीचा एक हिरवा दगडही या आंकड्याजवळ येतो. तेव्हां वजन जुळलें नाहीं तर तें जेडाइट नव्हे. जुळलें तर पुढील तपास करावा.

त्यासाठीं भिंगांतून पाहावें. जेडाइटांत एकमेकांत गुंतलेले कण दिसतात. कांचेंत बहुधा गोल बुडबुडे. रंग चिरांतच सांचला असेल तर तो वरून दिलेला समजावा.

सुरीनें ओरखडा मात्र काढूं नये. गारगोटीवरही सुरी चालत नाहीं. म्हणजे ओरखडा न उठल्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं, आणि दगड मऊ निघाला तर दागिना कायमचा खराब होतो.

हल्लीं खऱ्या जेडाइटासही आम्लानें धुऊन त्यांत राळेसारखा पदार्थ भरतात. तो दगड खरा, पण त्याचें मोल पुष्कळ कमी. हें घरीं नीट ओळखतां येत नाहीं. रत्नपरीक्षा करणारी प्रयोगशाळा अवरक्त किरणांनीं ओळखते. याकरितां मोठा व्यवहार करण्यापूर्वीं तिचा दाखला अवश्य घ्यावा, आणि 'नैसर्गिक' या एका शब्दावर न थांबतां 'संस्कार न केलेला' असें त्यांत लिहिलें आहे काय, तें पाहावें.

बांगडी गारगोटीची निघाली तरी ती टाकूं नये. आजीच्या हातची वस्तु म्हणून ती सुखानें वापरावी. फक्त तिचें खरें नांव घरांत सर्वांस ठाऊक असावें, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाहीं.