वाइड लेन्स घेण्याआधी

(स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



आपली बॅच आता निवृत्त होऊ लागली आहे. त्यामुळे ग्रुपवर दोनच विषय जोरात असतात, गुडघे आणि कॅमेरे. गुडघ्यांसाठी आपल्यात डॉक्टर आहेत, कॅमेऱ्याचं खातं माझ्याकडे आलंय. गेल्या काही महिन्यांत चौघांनी एकच प्रश्न विचारला. “हरिश्चंद्रगडावर जातोय. कोकणकड्याचा अख्खा पॅनोरमा हवाय. सगळ्यात वाइड लेन्स कोणती घेऊ?”

माझं उत्तर असं, की सगळ्यात वाइड घेऊच नका. पॅनोरमाची रुंदी लेन्समधून येत नाही, आपण कॅमेरा घेऊन वळतो त्यातून येते. लेन्स निवडायची ती उंचीसाठी.

हे समजायला आपला भूगोलाचा तास पुरेसा आहे. सरांनी संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला सांगितली होती, आठवतंय? साल फाटते किंवा ताणली जाते. म्हणूनच भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. वाइड लेन्सचंही तेच दुखणं. चहूकडे पसरलेलं दृश्य ती सपाट सेन्सरवर बसवते आणि कडा ताणते. शिवाय मधले दूरचे डोंगर बारीक होतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १४ मिमी लेन्स आडवी धरली, की जवळजवळ १०४ अंश एका फोटोत मावतात, पण समोरचा तो भव्य कडा फोटोत ठेंगणा होऊन बसतो.

आता दुसरी रीत बघा. ३५ मिमी लेन्स लावा आणि कॅमेरा उभा धरा. एका फोटोत उंची ५४ अंश मिळते, रुंदी ३८. प्रत्येक फोटोचा एक तृतीयांश भाग पुढच्या फोटोतही येईल अशा बेताने वळत गेलात, तर अर्धवर्तुळासाठी सात फोटो लागतात. ते संगणकावर जोडायचे. कोकणकडा अगदी पायाखालून खाली उतरतो, तिथे उंची जास्त हवी. मग २४ मिमी लावा. उभी धरली की ७४ अंश उंची मिळते आणि पाच फोटोंत काम होतं. दूरच्या डोंगररांगाच हव्या असतील, तर ५० मिमीसुद्धा चालेल.

तुमच्यापैकी अनेकांकडे लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स कपाटात पडून आहे. तिच्यावरचे १८, २४ आणि ३५ हे आकडे फुल फ्रेमच्या साधारण २७, ३६ आणि ५२ एवढे भरतात. म्हणजे पॅनोरमासाठी लागणारी लेन्स घरात आहेच. वाचलेल्या पैशांत एक भक्कम ट्रायपॉड घ्या.

ट्रायपॉड कशासाठी? एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. मागच्या खिडकीच्या गजांवरून अंगठा सरकताना दिसेल. कॅमेरा वळवतानाही जवळचा खडक मागच्या डोंगरावरून असाच सरकतो आणि जोड फसतो. लेन्समध्ये पुढून पाहिलं की जे छिद्र दिसतं, त्याच्याभोवती कॅमेरा फिरला तर हे सरकणं थांबतं. त्यासाठी ट्रायपॉडवर पुढे-मागे सरकणारी पट्टी मिळते. जवळ काहीच नसेल, तर हातात धरूनही भागतं. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोआधी कायम करून टाका, नाहीतर आकाशाला ठिगळं लावल्यासारखं दिसेल. पोलरायझर काढून ठेवा. त्याने आकाश एका भागात गडद होतं, दुसऱ्या भागात फिकं राहतं. आणि कड्याच्या टोकाशी एका डोळ्याने कॅमेऱ्यात बघत पावलं टाकू नका. जागा आधी ठरवा, मगच कॅमेरा उघडा.

मोबाइलवाल्यांनाही हेच लागू. फोन उभा धरा, ०.५ ऐवजी १ वर ठेवा आणि सावकाश वळा.

आता आज संध्याकाळच्या ग्रुप फोटोबद्दल. मघाशी कोणीतरी म्हणालं, “जागा कमी आहे, वाइड लावून टाक.” नको. १४ मिमीच्या फोटोत मधोमध बसलेले सर-बाई व्यवस्थित येतील, पण अगदी टोकाच्या माणसाचं डोकं उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसेल. आपल्या फोटोत टोकाला कोण उभं असायचं, आठवा. उंच मुलं, उशिरा धावत आलेली मुलं आणि मधे घुसायचा संकोच वाटणारी मुलं. दहावीच्या फोटोतल्या टोकाच्या मुलांपैकी दोघं आज आपल्यात नाहीत. त्यांचे चेहरे त्या फोटोत स्वच्छ आलेत म्हणून आपण अजून बोट ठेवून नावं सांगतो.

तेव्हा आज मी ५० मिमी लावणार आहे आणि मैदानाच्या कुंपणापर्यंत मागे जाणार आहे. गुरुजन खुर्च्यांवर, बाकीचे तीन रांगांत. रांगा लांब नकोत. मुलं हलतात म्हणून इथे पॅनोरमाही नको. वयाने साठीला आलो तरी आपण हलणारच. ऊन उतरलं की साडेपाचला खाली या. टोकाला उभे राहणारे आधी येऊन जागा घ्या, कॅमेरा तुम्हाला बघून लावायचा आहे.