पाण्याचा हक्क आणि पाण्याचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार माणूस. जे काही वाचलं ते पाळीवरून घरी आल्यावर वाचलं. म्हणून आज भाषण कमी करतो आणि पाण्याचा हिशेब मांडतो.

2016 सालचा लातूरचा दुष्काळ कुणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाणी साधारण 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरलं. म्हंजे आभाळ कायमचं रुसलं नव्हतं. आधीच्या वर्षांत जमिनीतलं पाणी आपण उपसत गेलो, मुरवलं मात्र थोडं. त्यात ऊस वाढत गेला.

आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला. या खडकात पाणी सावकाश मुरतं आणि थोडंच साठतं. एकानं तीनशे फूट बोअर घेतला की शेजारचा पाचशे फूट घेतो, आणि वस्तीचा हापसा आटतो. पैसेवाला आणखी खोल जातो. हंडा घेऊन रांगेत उभी राहते ती आपली माय.

बांधवहो, यावर कायदा आहे. 1993 च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली. पुढं 2009 चा भूजल कायदा आला. त्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हंजे जवळपास 200 फुटांपेक्षा, खोल जायला बंदी आहे. आता आपल्या आजूबाजूला बघा, कायदा कुठं आहे ते कळंल.

शासनाच्या योजनाही आल्या. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं, 2 ऑक्टोबर 2020 ला माझी वसुंधरा अभियान आलं. पण योजना आपल्या पायानं वस्तीत येत नसते. ग्रामसभेत, महापालिकेत जाऊन विचारावं लागतं: आमच्या वस्तीत काय केलं? आमच्या बोअरचं पाणी तपासलं का? तोंडी विचारू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. पुढं 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. हक्कही त्यांनी शिकवला आणि नियोजनही. आपण पहिलं लक्षात ठेवलं. दुसरं राहून गेलं.

त्याची सुरुवात विहारापासून करू. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. छत 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला तर 70 हजार लिटर. आज ते सगळं नालीत जातं. पाइप, वाळू-खडीचं गाळण आणि बोअरशेजारी शोषखड्डा एवढंच लागतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी तेवढं बाहेर सोडायचं. खड्डा खणायला तरुण पोरं आहेतच.

यंदाच्या वर्गणीतून कमान रंगवायची असं ठरतं आहे. समितीला माझी हात जोडून विनंती आहे, आधी हे काम घ्या. कमान एक वर्ष थांबंल, पाऊस आपल्यासाठी थांबणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!