बाळाची पहाटेची झोप

बाळ पहाटे साडेचारला जागं होतं आणि मग काही केल्या झोपत नाही, ही तक्रार इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावात नवी नाही. त्यावर सल्लाही ठरलेला असतो: रात्री उशिरा निजवा, म्हणजे सकाळी उशिरा उठेल. हा सल्ला मला पटत नाही. बाळ पहाटे कधी उठतं हे ते रात्री कधी निजलं यापेक्षा, दिवसभरात त्याला किती उजेड मिळाला आणि पहाटे घरात किती उजेड नि आवाज झाला यावर जास्त ठरतं. या दोन्ही गोष्टी मोठ्या माणसांच्या हातातल्या आहेत, आणि फक्त आईच्याच हातातल्या नाहीत.

दिवस आणि रात्र यांतला फरक बाळ जन्मतः जाणत नाही. शिकागोचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी एंगलमन यांनी १९५३ साली १९ बाळांच्या झोपेची नोंद प्रसिद्ध केली. तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंतची. सुरुवातीला दिवसरात्र विखुरलेली झोप हळूहळू रात्रीत गोळा होत जाते, हे तिच्यातून स्पष्ट दिसलं. शरीरातलं हे घड्याळ लावतो तो मुख्यतः उजेड. लिव्हरपूलच्या इव्हॉन हॅरिसन यांनी २००४ साली सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांचा अभ्यास मांडला. रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारच्या पहिल्या प्रहरात जास्त उजेड मिळालेला होता. म्हणजे दिवसा बाळाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं आणि रात्री ट्यूबलाइटखाली खेळवायचं, हा क्रमच उलटा आहे. सकाळी आणि दुपारी ओसरीवर, कडुनिंबाच्या सावलीत घेऊन बसावं, पण कडक उन्हात नको. दिवेलागणीनंतर घरातला उजेड कमी करावा.

आता पहाटेकडे येऊ. रात्रीच्या पहिल्या भागात बाळाची झोप गाढ असते. चारच्या पुढे थकवा बराचसा फिटलेला असतो, झोप उथळ होते आणि एरवी कानाआड झालेला आवाजही त्याला जागं करतो. नेमक्या त्याच वेळी आपलं घर उठतं. धारा काढायच्या असतात, डेअरीवर दूध वेळेत पोचवायचं असतं, उसाला रात्रीची लाईट असेल तर दारं धरून आलेला माणूस तेवढ्यातच घरी येतो. बादल्या वाजतात, मोटारसायकल दारातच सुरू होते, बाळ निजलंय त्याच खोलीत दिवा लागतो. त्यात आपल्या घड्याळाची एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि आपला भाग पंचाहत्तर अंशांच्या आसपास. म्हणून आपलं घड्याळ सूर्याच्या सुमारे अर्धा तास पुढे चालतं. जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेचारचा दिवा बाळाला अडीच तास आधीच सकाळ झाल्याचं सांगतो. मे महिन्यात उलट अडचण: सहाच्या आतच पत्र्याच्या फटींतून उजेड येतो. त्यासाठी खिडकीला नि फटींना जाड कापड लावावं. पाळण्यावर मात्र ते टाकू नये. हवा कोंडते, उकडतं, आणि ते धोक्याचं आहे. बाळाला निजवावं ते पाठीवर.

यावर कोणी म्हणेल, उशिरा निजवण्यात काय बिघडलं? बिघडतं ते असं, की उठण्याची वेळ शरीरातल्या घड्याळाने बांधलेली असते. निजायला उशीर झाला तरी बाळ बहुतेकदा ठरल्या वेळीच उठतं आणि वर झोप कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. संध्याकाळी सात-साडेसातला निजलेलं बाळ साडेपाचला उठलं, तर त्याची रात्र पुरी झाली असंच समजावं. तिथे दोष नाहीच, आणि आठपर्यंत झोपवण्याचा हट्टही धरू नये. दुसरा आक्षेप भुकेचा, आणि तो खरा आहे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ भुकेनं उठलं तर पाजायलाच हवं. फक्त दिवा न लावता, न बोलता, न खेळवता पाजावं. मोठं बाळ पहाटे उठून सातलाच पुन्हा झोपत असेल, तर ती पहाटेचीच राहिलेली झोप आहे. ती डुलकी रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलत न्यावी. तिसरा आक्षेप अवघड आहे: गोठ्याला सुट्टी नसते. खरं आहे, धारा थांबणार नाहीत. पण बादल्या रात्रीच गोठ्यात ठेवता येतात, गाडी वेशीपर्यंत ढकलत नेता येते, बाळाला आतल्या खोलीत निजवता येतं.

एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना लेकरांना अफूची बाळगोळी देत. त्या काळच्या सरकारी पाहणीत याची नोंद आहे. त्या आया निर्दयी नव्हत्या. त्यांचं बाळ सांभाळायला कोणी नव्हतं. आज अफू गेली, पण झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणं तेच काम करतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नका. बाळ घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, वजन वाढत नसेल तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

यातला कोणताही बदल दोन दिवसांत दिसत नाही. दोन आठवडे तरी नेटाने करावा लागतो. आणि ही विनंती मी विशेषतः घरातल्या पुरुषांना करतो: पहाटेची पहिली फेरी तुम्ही घ्या, आवाज न करता घ्या, आणि बाळाबरोबर त्याच्या आईलाही आणखी तासभर झोपू द्या.