आभासी तळे आणि गावचे तळे



विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला देता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु प्रश्न स्वतःच विचारावा, असे त्याला वाटू लागणे ही अध्यापनाची खरी कसोटी होय. संगणकाच्या पडद्यावर उभारलेल्या ज्या स्थळात विद्यार्थी एका पात्राच्या रूपाने हिंडतो, निरीक्षण करतो व सोबत्यांशी विचारविनिमय करतो, त्यास आभासी जग म्हणतात. त्याची उपयुक्तताही याच कसोटीवर पारखली पाहिजे.

या दृष्टीने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ख्रिस डीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले दोन प्रयोग उद्बोधक आहेत. पहिला 'रिव्हर सिटी'. एकोणिसाव्या शतकातील एका कल्पित नगरात रोगराई पसरलेली असते. काही रोग पाण्यातून, काही हवेतून, तर काही कीटकांमुळे पसरत असल्याने कारण चटकन हाती लागत नाही. विद्यार्थी रहिवाशांना विचारपूस करतात, पाण्याचे नमुने तपासतात, तर्क मांडतात आणि तो पडताळून पाहतात.

दुसरा प्रयोग 'इकोम्यूव्ह'. इयत्ता 6 वी ते 8 वीच्या विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या या जगात एक तळे आहे. विद्यार्थी उन्हाळ्यातील निरनिराळ्या दिवशी तेथे जातात आणि एके दिवशी मोठे मासे मरून पडलेले त्यांना आढळतात. असे का घडले, हे कोणीही सांगत नाही. गटातील एकजण पाण्याचे रासायनिक गुणधर्म मोजतो, दुसरा सूक्ष्म जीव पाहतो, तिसरा प्राणी व वनस्पती यांची गणना करतो, चौथा चौकशी करतो. चौघांच्या नोंदी एकत्र आल्यावाचून उलगडा होत नाही.

उलगडा असा : खतातील फॉस्फरससारखी द्रव्ये पावसाबरोबर तळ्यात वाहून येतात. त्यांवर शेवाळ माजते. ते मेल्यावर जिवाणू त्यास कुजवितात आणि त्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. तो अपुरा पडताच मासे गुदमरतात. येथे कारण एकीकडे, परिणाम दुसरीकडे आणि मध्ये अनेक दिवसांचे अंतर. प्राणवायू तर डोळ्यांना दिसतच नाही. एका सहलीत न उमगणारी ही साखळी आभासी जगात दिवस पुढेमागे करून न्याहाळता येते. त्याचे खरे सामर्थ्य ते हेच. चित्रांची झगमग नव्हे.

म्हणूनच एक सावधगिरी अवश्य आहे. मुले पडद्यासमोर रमली, एवढ्यावरून ती शिकली असे ठरत नाही. काय पाहिले, त्यावरून काय वाटले व तसे वाटण्यास आधार कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरली नाहीत, तर तो तास करमणुकीचा ठरेल. हे तीन प्रश्न विचारणे हे यंत्राचे नव्हे, शिक्षकाचे काम होय.

शाळेत एकच संगणक असला तरी या पद्धतीचा गाभा आचरणात आणता येतो. वर्गाचे चार गट करून त्यांस चार कामे वाटून द्यावीत. एका गटाने पाण्याचे तापमान घ्यावे, दुसऱ्याने पाण्याचा रंग व गढूळपणा नोंदवावा, तिसऱ्याने कीटक, पक्षी व वनस्पती मोजाव्यात आणि चौथ्याने आसपासच्या शेतकऱ्यांना खतांविषयी व पावसाविषयी विचारावे. पाण्यात कोणीही उतरू नये. नमुना शिक्षकानेच काढून द्यावा. दर आठवड्यास एकदा, याप्रमाणे दोन महिने नोंदी ठेवून त्या भिंतीवरील तक्त्यावर मांडाव्यात.

आभासी तळ्यातील मासे पुन्हा जिवंत दाखविता येतात. गावच्या तळ्यातील मासे मेले की मेलेच. हा भेद ज्या विद्यार्थ्याला उमगेल, तो तळ्याच्या काठाने जाताना हिरव्या तवंगाकडे पाहून थबकेल आणि 'हे असे का झाले?' म्हणून विचारील. त्याने तसे विचारले, म्हणजे पडद्यावरील तळ्याचे कार्य पार पडले असे समजावे.